पत्र्याचे लावण्य

आधी एकच रिव्हेट पाहू. करंगळीच्या नखाहून लहान, गोल माथ्याचा, ॲल्युमिनियमचा हा रिव्हेट साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एअरस्ट्रीमच्या कारखान्यात दोन माणसांनी मिळून बसवला. एक जण पत्र्याच्या बाहेर उभा होता, हातात हवेच्या दाबावर चालणारी ठोकणी घेऊन. दुसरा आत, पोलादाचा जड ठोकळा रिव्हेटच्या शेपटीला टेकवून. बाहेरच्याने चाप ओढला की रिव्हेटची शेपूट आतल्या ठोकळ्यावर आपटून चेपत जाते, पसरते, आणि दोन पत्रे एकमेकांना घट्ट धरतात. मध्ये पत्रा असल्यामुळे हे दोघे एकमेकांना दिसत नाहीत. ठोक्याचा आवाज कधी बदलला, तळव्याला जाणवणारी थरथर कधी मंदावली, एवढ्यावरच त्यांचे सारे संभाषण चालते. ठोकळा जरा तिरका धरला गेला तर शेपूट एका अंगाला कलंडते; चाप क्षणभर जास्त ओढला गेला तर माथ्याभोवतीच्या पत्र्याला खळी पडते. असा एक रिव्हेट बसायला एकदोन क्षण पुरतात, आणि बोटाबोटाच्या अंतरावर असे हजारो रिव्हेट ओळीने बसले की त्यातून एक घर उभे राहते. आज अशी जुनी घरे पुन्हा उभी करायला घेणारी माणसे, बहुधा नवरा-बायको किंवा बाप-लेक, हीच जोडीची कला नव्याने शिकतात. आणि एक बाहेर, एक आत असे उभे राहून, कान आणि तळवा यांच्या भरवशावर, साठ वर्षांपूर्वीच्या त्या दोघांच्या लयीशी आपली लय जुळवू पाहतात.

ज्या घराचा हा रिव्हेट, त्याचे नाव बॅम्बी. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे हे सोळा फुटी प्रवासी घर एअरस्ट्रीमने १९६१ मध्ये आणले. त्याला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही. आहे तो फक्त संसार. निजायची जागा, शेगडी, भांडी विसळायचे बेसिन, कपड्यांचे कपाट, अंग धुण्यापुरते न्हाणीघर, आणि हे सगळे सामावूनही रिकाम्या गाडीचे वजन एका टनाच्या आत. १९६३ सालची एक बॅम्बी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे, आणि तिथे ती शोभतेच. पण आपण पाहणार आहोत ती तशी नव्हे. कुठल्याशा शेताच्या कडेला वर्षानुवर्षे उभी राहून करडी पडलेली, चाके मातीत रुतलेली, आत उंदरांनी बिऱ्हाड थाटलेली, आणि मग कुणा हौशी माणसाने पैसे मोजून आपल्या अंगणात आणलेली बॅम्बी आपण पाहू. कारण जीर्णोद्धार हे मला वाचनाचेच एक रूप वाटते. रसिक वाचक जसा एका ओळीपाशी थांबतो, तिचे शब्द सुटे करून पाहतो आणि पुन्हा जोडून म्हणून बघतो, तसा हा माणूस एकेक सांधा सोडवतो, त्यामागचे प्रयोजन ओळखतो आणि पुन्हा बांधतो. त्याच्या खांद्यावरून पाहिले की आपल्यालाही ती गाडी वाचता येऊ लागते.

आता दोन पावले मागे सरून तिचा आकार न्याहाळू. बाजूच्या भिंती सरळ वर चढतात आणि छताजवळ येताच, कुठेही कोन न करता, सावकाश वळून पलीकडे उतरतात; पुढचे आणि मागचे टोक तर सर्वांगाने गोलावलेले. हे वळण इथे सहज दिसते, पण पत्र्याच्या लेखी ते सहज नाही. सपाट पत्रा एका दिशेने आनंदाने वाकतो. एकाच वेळी दोन दिशांनी वाकायला सांगितले की तो सुरकुततो, रुसतो. म्हणून टोकांचा घुमट एका पत्र्याचा करत नाहीत. निमुळत्या पाकळ्या कापून, प्रत्येकीला तिच्यापुरती गोलाई देऊन, त्या एकीशेजारी एक जोडतात. जुन्या एअरस्ट्रीमच्या टोकांना अशा तेरापर्यंत पाकळ्या आढळतात. पुढे उत्पादन वाढले तशा त्या सातांवर आणि मग पाचांवर आल्या. जाणकार मंडळी रस्त्यात अशी गाडी दिसली की आधी पाकळ्या मोजतात. मला या मोजण्यात मोठी रसिकता दिसते. पाकळ्या जितक्या जास्त तितके सांधे जास्त, गळतीच्या जागा जास्त, श्रम जास्त. आणि तरीही तेरा पाकळ्यांच्या घुमटावरून सरकणारी संध्याकाळ ज्याने पाहिली आहे, प्रत्येक पाकळीवर आकाशाचा किंचित वेगळा तुकडा उजळताना पाहिला आहे, त्याला त्या जास्तीच्या श्रमांचे मोल कुणी सांगावे लागत नाही.

हा आकार मुळात रस्त्यावर जन्मलाच नाही. एअरस्ट्रीमचा जनक वॉली बायम याचा जन्म १८९६ मधला, ओरेगनमधला. मुलगा असताना मेंढ्या राखायला गेला की तो एका दोन चाकांच्या गाडीत राहत असे. तीत एक रॉकेलची शेगडी, शिधा आणि धुण्याची बादली. पुढे लॉस एंजेलिसमध्ये जाहिराती आणि मासिके यांच्या धंद्यात पडल्यावरही त्याची भटकंतीची ओढ सुटली नाही. पण त्याच्या पत्नीला, मॅरियनला, तंबूत जमिनीवर झोपणे रुचेना. म्हणून त्याने फोर्डच्या मॉडेल टीच्या चासीवर तंबू चढवून पाहिला, मग बंदिस्त घरे बांधू लागला, आणि १९३१ मध्ये त्याचा स्वतःचा कारखाना निघाला. धातूचे अंग मात्र दुसऱ्याच माणसाकडून आले. हॉली बोलस हा ग्लायडर बांधणारा. लिंडबर्गने ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला त्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’च्या बांधणीवर त्याची देखरेख होती. १९३४ मध्ये त्याने विमानाच्या रीतीने, ड्युराल्युमिनचे पत्रे रिव्हेटांनी जोडून, ‘रोड चीफ’ नावाचे फिरते घर केले. दार मात्र अगदी पुढे, मोटारीला जोडायच्या दांड्याच्या वर ठेवलेले. आत शिरायचे तर तो दांडा ओलांडून चढावे लागे. बोलसचा धंदा टिकला नाही. बायमने ते अंग उचलले, दार बाजूच्या भिंतीत आणले, आणि १९३६ मध्ये ‘क्लिपर’ निघाली. दाराची जागा बदलली एवढेच, असे वरवर वाटते. पण त्या एका बदलाने ग्लायडरचे घर झाले: माणूस आता वाकून, चढून आत ‘बसत’ नाही, पायरीवरून सरळ आत ‘येतो’.

आणि हा आकार वाऱ्याशी कसा वागतो याची साक्ष १९४७ च्या एका छायाचित्रात आहे. आल्फ्रेड लेटूर्नर नावाचा फ्रेंच सायकलपटू आपल्या सायकलला एअरस्ट्रीम जोडून ओढतो आहे! चित्र जाहिरातीसाठी काढलेले, हे उघड आहे. तरी त्यातला आनंद खरा आहे, आणि पुढे तो सायकलस्वार कंपनीची ओळखच होऊन बसला.

आता जवळ जाऊन पत्र्यावर हात ठेवू. हा पत्रा एकजिनसी नाही. बळ येते ते ॲल्युमिनियममध्ये सुमारे चार टक्के तांबे मिसळून. या मिश्रधातूची कडक होण्याची रीतही मोठी विलक्षण आहे. तापवून पाण्यात विझवल्यावर तो लगेच कडक होत नाही. नुसता ठेवून दिला की त्याच्या पोटात, कुणी न शिवता, हळूहळू बळ भरत जाते. आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे उमगले आणि त्यावर पुढचे सारे विमानयुग उभे राहिले. पण तांबे आले की गंजण्याची वृत्तीही आली. म्हणून त्या कणखर गाभ्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर लाटून चढवतात. शुद्ध धातू मऊ. पण हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन वर जी अदृश्य साय धरते ती आतल्याला सांभाळते. पितळेच्या पातेल्याला केलेली कल्हई आठवावी: आत बळ पितळेचे, वर रक्षण कथलाचे, आणि घासणाऱ्याच्या हाताला कल्हई किती उरली आहे याचे भान. बॅम्बी उजळायला घेणाऱ्याच्या हातालाही हेच भान लागते. दोन्ही अंगांवरचा हा थर पत्र्याच्या एकूण जाडीचा अगदी लहानसा भाग. त्याने अधीरपणे भरड सँडपेपरने घासले तर मळ जाईल, ओरखडे जातील, आणि त्यांच्याबरोबर तो थरही जाईल. मग जे चमकेल ते उघडे पडलेले तांबेमिश्रित अंग असेल, लवकर काळवंडणारे.

जीर्णोद्धाराचा खरा रस मात्र आत आहे, आणि आत जायला आधी उकलावे लागते. कपाटे निघतात, शेगडी निघते, मग आतल्या भिंतीचे पत्रे निघतात. दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीतून काचतंतूंच्या जुन्या लाद्या ओघळतात. त्यांत उंदरांची घरटी, फळांच्या बिया, कागदाचे कपटे, आणि नाकाला झोंबणारा एक आंबूस वास, जो कितीही धुतले तरी आठवडाभर कपड्यांना सोडत नाही. हे सगळे मास्क लावून पोत्यांत भरून टाकले की बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू प्रथमच उजेडात येते. आणि तिथे, ऊन-पाऊस कधीच न लागलेल्या त्या पृष्ठावर, पत्रा बनवणाऱ्या गिरणीने उमटवलेले शाईचे शिक्के ओळीने उभे असतात: मिश्रधातूचा क्रमांक, जाडी, कारखान्याचे नाव. कुठे एखाद्या कामगाराने पेन्सिलीने केलेली बेरीज, कुठे कापायच्या रेषेची खूण, कुठे नुसताच एक बाण. बाहेरचे अंग साठ वर्षे उन्हात म्हातारे होत असताना हे अंग त्या दिवशीच्या दुपारीच राहिलेले असते. मोठमोठ्या कलावस्तूंच्या पाठी मला नेहमी त्यांच्या दर्शनी बाजूइतक्याच बोलक्या वाटत आल्या आहेत. तैलचित्राच्या मागची चौकट, मूर्तीची भिंतीकडे वळलेली बाजू. बॅम्बीची पाठ तिच्या पोटात आहे.

इथून आपण जमिनीशी येतो, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या वाचनाचे मर्मस्थान हेच. या घराचे तीन थर: खाली पोलादी चासी, तिच्यावर प्लायवूडची जमीन, आणि वर ॲल्युमिनियमचे कवच. कवचाच्या खालच्या काठाला एक पन्हाळी पट्टी असते. ती प्लायवूडवर बसते आणि बोल्ट तिच्यातून, प्लायवूडमधून, थेट चासीत उतरतात. म्हणजे लाकडाचा तो सुमारे पाऊण इंची थर नुसता पायाखाली नाही, तो वरच्या आणि खालच्या दोघांच्या मिठीत दाबलेला आहे. आणि पाणी नेमके तिथेच पोचते. मागच्या बंपरजवळून, दाराच्या उंबऱ्यातून, चाकांवरच्या कमानींच्या कडेने थेंबथेंब झिरपत ते प्लायवूडच्या कडांत मुरते. वरून जमीन साबूत दिसते. टोचा घेऊन कडेकडेने टोचत गेले की कुठेतरी तो विरोध न होता आत जातो. मोठ्या एअरस्ट्रीम विकत घेणारे जाणकार तर मागच्या बंपरवर उभे राहून अलगद उडी मारतात आणि बंपर व कवच यांच्यामधल्या फटीकडे पाहतात. बंपर खाली जाऊन कवच जागीच राहिले, तर समजायचे की मधले लाकूड कुजून मिठी सुटली आहे.

अशा वेळी सगळे कवच उचलण्यावाचून गत्यंतर नसते. बोल्ट काढतात, दोन बाजूंना लाकडी किंवा लोखंडी कमानी उभारून साखळ्यांनी कवच वर घेतात, आणि चासी खालून ओढून बाहेर काढतात. त्या क्षणी एक नवल घडते. डोंगरवाटा तुडवून आलेले हे कवच अधांतरी होताच लटपटू लागते. बाजू आत-बाहेर होतात, काठ फाकतो. आतून लाकडी टेकू ठोकून त्याला तात्पुरते आवरावे लागते, नाहीतर ते पुन्हा जमिनीवर बसताना मूळच्या मापात बसणारच नाही. खाली काढलेली चासीही एकटी पाहिली तर किरकोळ वाटते. दोन लांब तुळया, मध्ये आडवे दांडे, बाजूंना निमुळते हात. प्लायवूड तर काय, बाजारात मिळते तेच. तिघांपैकी कुणाकडेच एकट्याने पुरेल एवढे बळ नाही. बळ आहे ते त्यांच्या बांधणीत: कवच जमिनीला वाकू देत नाही, जमीन कवचाला फाकू देत नाही, चासी दोघांचा भार चाकांवर वाटून देते. विमानाच्या धडाची हीच रीत. आणि हे कळल्यावर तो गोलावा नव्याने दिसू लागतो. आतापर्यंत तो आपल्याला डौल म्हणून भावला होता; आता कळते की तोच भार वाहतो आहे. वळलेला पत्रा सपाट पत्र्यापेक्षा कितीतरी ताठ राहतो, म्हणून तो इतका पातळ असू शकला, म्हणून गाडी इतकी हलकी झाली, म्हणून साध्या मोटारीलाही ती ओढता आली. लावण्य आणि सामर्थ्य इथे दोन नाहीतच. कवच हवेत लटपटताना पाहिल्याशिवाय हे पटत नाही, आणि एकदा पाहिले की पुढे कुठलीही एअरस्ट्रीम केवळ सुंदर अशी दिसत नाही.

गंजलेल्या तुळया खरवडून, गरज तिथे नवे पोलाद वितळजोडाने लावून, रंगवून चासी सिद्ध झाली. नवे प्लायवूड कापून त्याच्या कडा पाण्याला दाद न देण्याइतक्या राळेने भरून घेतल्या. पोलादाला टेकलेले ॲल्युमिनियम ओलाव्यात खाल्ले जाते म्हणून दोघांच्या मध्ये पट्टी घातली. आणि कवच पुन्हा खाली आले. मग फाटलेल्या, चिरडलेल्या पत्र्यांची पाळी. नवा तुकडा जुन्या भोकांशी जुळवून तात्पुरता धरायचा असतो, त्यासाठी विमानाच्या कारखान्यांतून आलेल्या स्प्रिंगच्या छोट्या खिळी असतात, क्लेको नावाच्या. मापाप्रमाणे त्यांचे रंग ठरलेले. एक अष्टमांश इंची भोकाला तांबूस. दुरुस्तीच्या ऐन मध्यावर गाडीच्या एका अंगावर अशा शेकडो तांबूस खिळी ओळीने उभ्या असतात, आणि मला ते दृश्य पूर्ण झालेल्या गाडीइतकेच प्रिय आहे. त्यात अजून काहीच पक्के नसते. एखादी ओळ किंचित चुकली असेल तर खिळी काढून पुन्हा लावता येते. मग एकेक क्लेको निघते, तिच्या जागी रिव्हेट बसतो.

जिथे आतून ठोकळा धरायला जागाच नसते, तिथे बाहेरूनच बसणारा एक वेगळा रिव्हेट वापरतात, ऑलिम्पिक नावाचा. त्याचे तीन पाय भोकातून आत जातात आणि मधला दांडा ओढला की पसरून पत्र्याला पकडतात. वर उरलेला माथा छोट्या कातणीने छाटून गोल केला की शेजारच्या जुन्या रिव्हेटांत तो मिसळून जातो. पूर्ण मिसळत मात्र नाही. नजर सरावली की माथ्याच्या मध्यावरचे ते बारीक वर्तुळ ओळखू येते, आणि या गाडीच्या अंगावर कोणती ओळ दोघांनी मिळून बसवली आणि कोणती एकट्याने, हे वाचता येते.

दाराची गोष्ट तर स्वतंत्र सांगण्यासारखी. बॅम्बीचे दार भिंतीसारखेच वळलेले. बंद असताना ते भिंतीतून वेगळे कळू नये, ही निर्मात्याची इच्छा. पण वर्षानुवर्षे उघडझाप होऊन ते हळूहळू सपाट होत जाते. वरचा-खालचा कोपरा भिंतीपासून सुटून बाहेर डोकावतो. उपाय अगदी साधा, आणि करताना छातीत धडधडवणारा: दाराच्या मध्याशी, दार आणि चौकट यांच्यामध्ये लाकडाचे ठोकळे धरायचे आणि बाहेर आलेल्या कोपऱ्यावर खांदा लावून, अंगाचा भार हळूहळू वाढवत, दार दाबायचे. धातू आधी नुसता लवतो आणि परत येतो. थोडे अधिक दाबले की एक क्षण असा येतो की तो परत येत नाही, तिथेच राहतो. तो क्षण दाबणाऱ्याच्या खांद्याला कळतो. मग ठोकळे काढून दार लावून पाहायचे, कडेवरून बोट फिरवायचे, पुन्हा ठोकळे. शेवटी बोट भिंतीवरून दारावर आणि दारावरून भिंतीवर अडखळल्याशिवाय जाते.

आतले पत्रे चढवण्यापूर्वी पाण्याची परीक्षा. पाईपने वरून पाणी मारत एक जण बाहेर, आणि आत दुसरा, दिवा घेऊन, सांध्यासांध्याशी डोळे लावून. दुसरी एक रीत मला अधिक भावते: खिडक्या-दारे बंद करून पंख्याने आत हवा कोंबायची आणि बाहेरच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे. जिथे फट आहे तिथे बुडबुडे फुलतात. पाऊस जिथून आत येणार असतो ती वाट आतल्या हवेने बाहेर येऊन दाखवून द्यावी, ही युक्ती ज्याला सुचली त्याचे कौतुक वाटते.

आणि मग उजळणे, ज्यासाठी लोक या गाड्यांकडे वळून पाहतात. काळ्या-करड्या अंगावर मलम लावून गोल फिरणारी लोकरीची गादी चालवली की आधी सगळे अधिकच काळे होते. तो काळेपणा म्हणजे निघालेला ऑक्साइड. तो पुसला की त्याखाली, हातभर जागेत, अचानक आपला चेहरा दिसतो. पुढे मलम बारीक होत जाते, शेवटी दोन चक्रांच्या यंत्राने आधीच्या फिरवण्याचे भोवरे पुसतात. छोट्या बॅम्बीलाही यात कित्येक शनिवार-रविवार जातात. अंगणातले उन्हाळे संपतात. इथे एक गोष्ट मान्य करायला हवी: कारखान्यातून बाहेर पडलेली बॅम्बी उजळ होती, पण असा आरसा नव्हती. ही आरसपानी झळाळी जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या पिढीची आवड आहे, मूळ कृतीवर त्यांनी केलेले भाष्य. मला ते भाष्य आवडते, कारण त्यामुळे गाडी जिथे उभी राहील तिथली होते: वाळवंटात गेरूची, देवदारांत हिरवी, समुद्राकाठी निळी. पण उजळताना कधीकधी पत्र्यावर जुन्या आकड्यांच्या सावल्या सापडतात, आणि तिथे गादी थांबावी असे मला मनापासून वाटते. १९५५ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातल्या केंटव्हिल इथे वॉली बायमच्या नावाने एअरस्ट्रीमधारकांचा क्लब स्थापन झाला. सभासद आपला क्रमांक मोठ्या लाल आकड्यांत गाडीच्या पुढे-मागे लावत. आकडे कधीच निघून गेले, पण त्यांच्याखालचे ॲल्युमिनियम भोवतालच्या ॲल्युमिनियमपेक्षा वेगळे मुरले. तिरप्या उन्हात ते आकडे पुन्हा वाचता येतात. त्यांवरून पहिले मालक कोण, ते कुठल्या गावचे, याचा माग काही जण लावतात. दोन-चार फिरवण्यांत ही सावली कायमची नाहीशी होऊ शकते. काही जण ती घालवतात, काही राखतात. राखणाऱ्यांची बाजू माझी.

आतल्या भिंतींचा रंगही असाच दुर्लक्षिला जातो. त्या काळच्या एअरस्ट्रीममध्ये झोलाटोन नावाचा ठिपकेदार रंग मारत. एकाच फवाऱ्यातून दोन-तीन रंगांचे सूक्ष्म थेंब बाहेर पडत, पण एकमेकांत मिसळत नसत. भिंतीवर ते जवळजवळ बसत आणि लांबून पाहणाऱ्याला एक मृदू करडी, कधी हिरवट छटा दिसे. मोटारींच्या डिकीतही तो वापरला जाई, कारण ओरखडा पडला तरी त्या ठिपक्यांत हरवून जातो. आता अनेक जण आतून सगळे पांढरेशुभ्र करतात. मोकळे दिसते, खरे. पण या सोळा फुटांत माणूस दिवसभर कशाला ना कशाला घासत असतो, भांडी आदळतात, मुले पाय लावतात. हे ओळखून त्या जुन्या रंगाने जो समजूतदारपणा दाखवला होता तो पांढऱ्याला कुठून येणार?

राहता राहिला आस. बॅम्बीबरोबरच एअरस्ट्रीमने रबरावर झुलणारा नवा आस आणला: पोलादी नळीत रबराचे दांडे कोंबलेले, चाकाला धक्का बसला की ते पिळवटतात आणि धक्का गिळतात. साठ वर्षांत हे रबर दगड होते. गाडी खाली बसते, आणि प्रत्येक खड्डा थेट कवचाला, रिव्हेटांना, कपाटांच्या सांध्यांना जाणवतो. म्हणून वर कितीही उजळले तरी आस नवा घातल्याशिवाय काम पुरे होत नाही. या गाड्यांना चालायचे असते, आणि किती चालायचे याची कल्पना बायमने आपल्या तांड्यांनी दिली होती. १९५१ मध्ये तो मेक्सिकोकडे एक तांडा घेऊन गेला; १९५९ मध्ये ४१ एअरस्ट्रीम घेऊन केपटाउनहून कैरोकडे निघाला आणि इथिओपियाच्या घाटांत, नदीनाल्यांत गाड्या ओढत-ढकलत पिरॅमिडांपाशी पोचला. १९६२ मध्ये तो वारला, तरी पुढच्याच वर्षी सिंगापूरहून एक तांडा निघाला आणि आशिया ओलांडून युरोपात गेला. त्या वाटेवर भारतही होता. त्या काळी रस्त्याकडेला थांबून ही चंदेरी घरे एकामागून एक जाताना ज्यांनी पाहिली असतील, त्यांच्यापैकी कुणाला तरी ती नक्कीच आठवत असणार.

या प्रवासांच्या खुणा पत्र्यावर राहतात. खडा उडून पडलेली टोचणी, फांदीने ओढलेली रेघ, कुठल्याशा फाटकाला घासल्याची खळी. पाणी आत येऊ देणारी जखम बुजवायची आणि न येऊ देणारी राहू द्यायची, असा साधा नेम काही दुरुस्तीकार पाळतात, आणि मला तो उत्तम समीक्षेचा नेम वाटतो. नवा आस बसला की गाडी दोन-तीन इंच वर उठते, मोटारीला जोडली जाते, आणि भार पुढच्या दांड्यावर योग्य तेवढा आला आहे ना, हे तपासून बाहेर पडते. तो भार कमी पडला तर वेगात शेपूट हलू लागते, म्हणून पाण्याची टाकी, शिधा, पुस्तके कुठे ठेवायची हेही ठरलेले. संग्रहालयातल्या बॅम्बीच्या वाट्याला हे सुख नाही. अंगणात उभी राहिलेली ही बॅम्बी मात्र पुढच्या उन्हाळ्यात तळ्याकाठच्या चिखलात जाईल, तिच्यावर परागांची पिवळी धूळ बसेल, एखादी नवी खळीही पडेल, आणि घरी परतल्यावर तिचा मालक मलमाचा डबा पुन्हा उघडेल. तेव्हा त्याच्या शेजारी उभे राहून, आज कोणत्या पाकळीपासून सुरुवात करायची, हे विचारायला मला फार आवडेल.